चाळिसाचे ऐंशी

अरुणा पारसनीस यांचं पत्र आलं तेव्हा निशिकांत दाबक्यांनी ते चारदा वाचलं, घडी घालून शब्दकोशात ठेवलं, आणि पुढचे सतरा दिवस ‘आज उत्तर लिहू’ म्हणून रोज बाहेर काढलं. उत्तर काही गेलं नाही.

अरुणाबाई सिंगापूरच्या संसदेत नामनियुक्त खासदार होत्या. म्हणजे निवडून आलेल्या नव्हेत, कुठल्या पक्षाच्याही नव्हेत. शुश्रूषागृहात म्हाताऱ्यांची सेवा करण्यात पंचवीस वर्षं घालवलेली बाई, म्हणून त्यांना नेमलेलं. जन्म इथला, शाळा इंग्रजी. मराठी आईकडून आलेलं, घरापुरतं.

सरकारनं म्हाताऱ्यांसाठी शुश्रूषा विमा आणायचं ठरवलं होतं. योजना वाईट नव्हती. पण त्यात सगळ्यांची नावं आपोआप घालायची, आणि ज्याला नको असेल त्यानं तीन महिन्यांत फॉर्म भरून परत पाठवायचा, असा नियम होता. फॉर्म आला नाही म्हणजे माणूस कबूल. अरुणाबाईंचं भांडण या एका वाक्याशी होतं. साठीच्या पुढच्या माणसांना घरी जाऊन विचारा, त्यांची सही घ्या, एवढी दुरुस्ती त्यांनी मांडली होती.

चाचणी म्हणून बुकित पंजांग या वस्तीतल्या काही ब्लॉक्सना पाकिटं आधीच आली होती. तेहतीस वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या दाबक्यांचा ब्लॉक त्यांतलाच. ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस म्हणून शेजारपाजारचे म्हातारे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत त्यांच्याकडे कागद वाचून घ्यायला येत. कुणाकडे आपणहून जाऊन बोलण्याचा दाबक्यांचा स्वभाव नव्हता, पण कुणी येऊन बसलं तर ते तासभर समजावत. तीन महिने संपले तेव्हा त्यांच्या वहीत शंभर जणांची नोंद झाली होती. त्यांतल्या चाळीस जणांनी पाकीट उघडलंच नव्हतं. ते चाळीसही जण सरकारच्या लेखी कबूल होते.

खासदाराला इंग्रजीत पत्र लिहायची दाबक्यांची छाती झाली नसती. बाई मराठी आहेत असं कळल्यावर त्यांनी मराठीत लिहिलं. आकडा लिहिला तो शाळेत शिकले तसा, जन्मभर वहीत लिहीत आले तसा: ४०.

बाईंच्या वाकड्यातिकड्या देवनागरीत उत्तर आलं. ‘शंभरातल्या 80 जणांनी पाकीट उघडलंच नाही हे वाचून मी हादरले. हा आकडा मी सभागृहात सांगणार आहे. तुमचं नाव घेणार नाही. काही चुकत असेल तर कळवा. नाही कळवलंत तर बरोबर आहे असं समजेन.’

दाबक्यांना आधी वाटलं, आपणच चुकलो. त्यांना नेहमी आधी तेच वाटे. वही काढून नावं दोनदा मोजली. चाळीसच. मग एकदम उजेड पडला. मराठी चार, इंग्रजी अंकांवर वाढलेल्या डोळ्यांना आठासारखा दिसला होता.

एका ओळीचं काम होतं. पण ‘तुम्हाला मराठी आकडे वाचता येत नाहीत’ हे त्या बाईंना कुठल्या शब्दांत सांगायचं? एवढी धडपडून मराठीत लिहिते आहे ती. पहिला खर्डा उद्धट वाटला, दुसरा लाचार, तिसरा लांबला. आणि ऐंशी हा आकडा दिसायला भारी होता, हेही होतं. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, स्वतःलाही अर्धवटच. अठराव्या दिवशी विधेयक चर्चेला आलं.

दाबके सिटी हॉल स्टेशनला उतरून चालत संसदेत गेले. ओळखपत्र दाखवलं, पिशवी आणि फोन दारात ठेवला, आणि प्रेक्षक गॅलरीत शेवटच्या रांगेत जाऊन बसले. बाई कदाचित तो आकडा गाळतील, अशी एक वेडी आशा होती.

अरुणाबाई उभ्या राहिल्या. ठेंगण्या, करड्या केसांच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. पाच मिनिटं त्या योजनेच्या चांगल्या बाजू सांगत होत्या आणि समोरचे सभासद कागद चाळत होते. मग त्या म्हणाल्या, “बुकित पंजांगच्या एका रहिवाशानं आपल्या शेजाऱ्यांची नोंद ठेवली आहे. शंभरापैकी ऐंशी जणांनी पाकीट उघडलेलं नाही.”

कागद थांबले. माना वर झाल्या.

मंत्री सावकाश उठले. आवाज अगदी गोड. “सन्माननीय सदस्यांनी हा आकडा तपासला आहे का?”

“मी त्या गृहस्थांना पत्र लिहिलं होतं. चूक असेल तर कळवा, असं.”

“आणि त्यांनी बरोबर असल्याचं कळवलं?”

खोटं बोलणं बाईंना सहज जमलं असतं, विचारायला कोण जाणार होतं? “नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांचं उत्तर आलं नाही.”

“अस्सं. म्हणजे उत्तर आलं नाही, म्हणून सदस्यांनी होकार धरला.” मंत्र्यांनी चष्मा पुसला. “माझ्या विधेयकात नेमकी हीच पद्धत आहे. सदस्यांना ती इतकी नापसंत आहे हे मला ठाऊक नव्हतं.”

सभागृह हसलं. वाईट हसणं नव्हतं, पण बराच वेळ चाललं. दाबके खुर्चीतून अर्धे उठले. दाराशी उभ्या असलेल्या रखवालदारानं बोटानं खाली बसायची खूण केली. ते बसले. ‘मी तो माणूस’ असं ओरडावं का?

मंत्री आता हसत नव्हते. “पुढची बैठक सोमवारी आहे. दुरुस्तीवर मत त्याच दिवशी घेऊ. तोवर सदस्यांनी लेखी आधार सादर करावा. नसेल तर हे विधान मागे घ्यावं. अशा आकड्यांवर राष्ट्रीय धोरण ठरत नाही.”

“सादर करीन,” अरुणाबाई म्हणाल्या आणि बसल्या. त्यांचे कान लाल झाले होते, वरून दिसत होते.

चहाच्या सुट्टीत दाबके जिन्यानं उतरत होते, तर दाराशी अरुणाबाईच समोर. बरोबरच्या माणसाला त्या इंग्रजीत म्हणत होत्या, “चुकीचं असतं तर त्यांनी कळवलं असतं. त्यांच्या अक्षरावरूनच कळतं, जपून लिहिणारा माणूस आहे.” मग या म्हाताऱ्याकडे लक्ष जाऊन त्यांनी दार धरलं. “आफ्टर यू, अंकल.”

“थँक यू,” दाबके म्हणाले आणि बाहेर पडले. दोन शब्द, आणि तेही भलतेच.

घरी सून क्षिप्रा आलेली होती. रॅफल्स प्लेसच्या बँकेतून आज लवकर सुटलेली. सासऱ्यांचा चेहरा बघून तिनं पर्स खाली ठेवायच्या आधीच विचारलं, “बाबा, बीपीची गोळी घेतली होती का?”

“घेतली. क्षिप्रा, मी एका बाईची भर संसदेत फजिती केली.”

“तुम्ही?” ती हसलीच. “तुम्ही हॉकर सेंटरमध्ये थंड झालेली कॉफी परत करत नाही!”

त्यांनी सगळं सांगितलं. वही, ४०, शब्दकोशातलं पत्र. क्षिप्रा हसायची थांबली.

“सतरा दिवस? बाबा, अहो फोन करायचा. आत्ता करते मी, नंबर काढते.”

“फोन नको. त्यांना लेखी हवंय. आणि फोनवर मी नुसतं ‘हो हो’ म्हणेन, माहीत आहे तुला.”

“मग लिहा. त्यात काय एवढं?”

“ऐंशी म्हटल्यावर सगळ्यांनी मान वर केली गं. चाळीसला कोण करेल? दुरुस्ती पडेल. बाई सोमवारी उभ्या राहून ‘माझं चुकलं’ म्हणतील, आणि पुन्हा हसतील सगळे. माझ्यामुळे.”

“आणि नाही लिहिलंत तर?”

“तर त्या विधान मागे घेतील. म्हणजे चाळीस जणसुद्धा गेले.” हे बोलल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. “ते चाळीस तर खरे आहेत ना.”

“खरे आहेत ना? मग! तिसऱ्या मजल्यावरच्या ओई आंटी त्यांत आहेत?”

“वहीत बावीस नंबर. पाकीट तांदळाच्या डब्याखाली ठेवलं होतं. म्हणे सरकारी कागद, टाकायचा नसतो.”

“हे लिहा,” क्षिप्रा म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

दाबके जेवणाच्या टेबलाशी बसले. या खेपेला खर्डा केला नाही, कारण खर्डा केला की आपण काय करतो हे त्यांना ठाऊक झालं होतं. त्यांनी लिहिलं:

‘सौ. अरुणाताईंना सादर नमस्कार. आकडा चाळीस आहे. अक्षरांत लिहितो, चाळीस. मी मराठी अंक वापरला आणि आपण तो इंग्रजी समजून वाचलात, यात आपली चूक नाही. आपलं पत्र वाचलं त्याच दिवशी ही गोष्ट माझ्या लक्षात आली होती. तरी मी उत्तर दिलं नाही. आपल्याला वाईट वाटेल अशी भीती होती, मला नीट लिहिता येईना, आणि खरं सांगायचं तर मोठा आकडा मला आवडला होता. मी गप्प राहिलो, पण आपला आकडा मला कबूल नव्हता. सभागृहात हे माझ्या नावानं आणि पत्त्यानिशी सांगावं, माझी हरकत नाही. वहीची नक्कल जोडली आहे. शेजाऱ्यांची नावं खोडून नंबर ठेवले आहेत. बावीस नंबरच्या बाईंनी, माझी समजूत बरोबर असेल तर, आपल्याशी बोलायची तयारी दाखवली आहे.’

मग खाली जाऊन त्यांनी ओई आंटींना खरोखरच विचारलं, कारण शेवटचं वाक्य लिहिलं तेव्हा ते खरं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपणहून एका शेजारणीची बेल वाजवली. आंटींना समजायला बराच वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, “पार्लमेंट लेडी? कॅन.” म्हणजे चालेल. “टेल हर कम ईट फर्स्ट.”

वर येऊन त्यांनी ‘माझी समजूत बरोबर असेल तर’ एवढं खोडलं. क्षिप्रानं पत्र वाचलं. ‘मी गप्प राहिलो, पण आपला आकडा मला कबूल नव्हता’ या ओळीशी तिचं बोट थांबलं.

“बाबा, हे वाक्य तुम्हाला कळलंय का काय आहे ते?”

“का? जास्त झालं का? काढू?”

“हात लावू नका त्याला,” ती म्हणाली.

पत्र सोमवारआधी पोचावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, अकराचं टपाल निघायच्या आत दाबके पोस्टात गेले. पाकिटाचं वजन करून घेतलं, तिकीट लावलं, काठ अंगठ्यानं दाबला. बाहेरच्या पांढऱ्या पेटीला दोन फटी होत्या, एक सिंगापूरसाठी, दुसरी बाकीच्या देशांसाठी. तेहतीस वर्षं पुण्याला पत्रं टाकून सवयीचा झालेला हात दुसऱ्या फटीकडे गेला. मागे एक बाई पाकिटांचा गठ्ठा घेऊन खोळंबली होती. “सॉरी, सॉरी,” दाबके म्हणाले, हात अलीकडे आणला, आणि पत्र पहिल्या फटीत सोडलं.