उसवलेलं नाव

मी लिननचा एक तुकडा. दीड हात लांब, कडेने द्राक्षाची वेल, मध्ये निळ्या दोऱ्याने भरलेली एका घरातल्या मुलांची नावं आणि जन्मसालं. अमेरिकेतल्या मेन राज्यात बटाट्याची शेती करणारं एक घर होतं. तिथल्या लोव्हिना पिंकहॅम या चौदा वर्षांच्या मुलीने १८६० सालच्या हिवाळ्यात मला भरलं. तेव्हा मुलींना शिवण आणि अक्षरं एकाच वेळी शिकवत. सात भावंडं, सात ओळी.

तीन वर्षांनी त्यातली एक ओळ गेली. त्यांच्या देशात आपसातलंच युद्ध पेटलं होतं. लोव्हिनाचा भाऊ रूबेन एकोणिसाव्या वर्षी तिथे मेला. पुढे सक्तीच्या भरतीत थोरल्या एझ्राचं नाव निघालं. एझ्रा हजर झाला नाही. तो सीमा ओलांडून कॅनडात निघून गेला.

बापाने लोव्हिनाला एकाच दिवशी दोन कामं सांगितली. "रूबेनच्या ओळीत मरणाची तारीख भर. आणि एझ्राची ओळ उसव."

खिडकीपाशी बसून तिने दोन्ही केली. आई म्हणाली, "आता पाण्याचा हात लाव आणि इस्त्रीने दाब, म्हणजे भोकं मिटतील." लोव्हिना हो म्हणाली आणि तिने मला कोरडंच चौकटीत बसवलं. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

काचेमागे मी दीडशेच्या वर वर्षं काढली. लोव्हिनाकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे, असं करत शेवटी कॉन्स्टन्स हॅस्केल या बाईंकडे आलो. त्या आता ऐंशीला टेकल्या आहेत. त्यांनी मोठं घर विकायला काढलं आणि मुलांना फोटो पाठवून विचारलं. दोघांनीही मला नको म्हटलं.

त्याच सुमाराला कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये वॉरन पिंकहॅम हा चौऱ्याऐंशी वर्षांचा निवृत्त नौसैनिक आपलं मूळ शोधत होता. त्याची दृष्टी अधू झाली होती. नागपूरहून शिकायला आलेली कादंबरी नावाची मुलगी कॉलेज सांभाळून आठवड्यातल्या चार दुपारी त्याच्याकडे कामाला येई. ती जेवण गरम करी, औषधं देई, त्याला वाचून दाखवी. वॉरनच्या पणजोबांचं नाव एझ्रा. घरात सांगत, ते जहाजावरचे सुतार होते आणि वादळातून वाचून इथे किनाऱ्याला लागले. त्याआधीचं काहीच ठाऊक नव्हतं. कादंबरीने वॉरनची डीएनए तपासणी करवली. नळीत थुंकायलाच त्याला वीस मिनिटं लागली, असं ती हसून सांगते. तपासणीत दूरच्या नात्यातल्या म्हणून कॉन्स्टन्सबाई सापडल्या. कादंबरीने त्यांना एझ्राबद्दल लिहून विचारलं.

बाईंनी उत्तर पाठवलं : "आमच्याकडे एझ्रा कुणी नव्हता. पुरावा सोबत पाठवते आहे. परत पाठवू नका." तो पुरावा म्हणजे मी.

कादंबरीने माझ्यावरची सहा नावं वाचून दाखवली.

"मग संपलं," वॉरन म्हणाला.

"थांबा हं, मिस्टर पिंकहॅम."

कादंबरीच्या आईचं नागपुरात फॉल-पिकोचं दुकान आहे. चुकलेली शिवण उसवण्यात कादंबरीच्या शाळेच्या सुट्ट्या गेलेल्या. दोन ओळींमधलं अंतर तिला जास्त वाटलं. तिने मला चौकटीतून काढून खिडकीच्या काचेला लावलं. बाहेर बर्फ होता, उजेड पांढरा स्वच्छ. सुईची भोकं दिसायला लागली. ती एकेक अक्षर लावत गेली. ई. झेड. आर. ए. पुढे १८४२.

तिने आईला व्हिडिओ कॉल केला. आईने चष्मा लावून पाहिलं. "काहून पुसलं असंल बाई हे नाव? पण पाणी लावून दाबलं असतं, तर भोकं मिटली असती. उसवणारीनं मुद्दाम ठेवलीत."

आठवड्याने मेनमधल्या कचेरीतून कादंबरीने मागवलेली भरतीच्या जुन्या यादीची प्रत आली. एझ्राच्या नावापुढे शेरा होता : हजर नाही, सीमेपलीकडे पळाल्याचं कळतं. कादंबरीने तोही वाचला.

 वॉरन म्हणाला, "तेहतीस वर्षं नौदलात होतो मी. आणि हा पळपुटा?"

"मी वाचायला नको होतं का?"

"वाचणं तुझं कामच होतं. आता ते कापड आत ठेव."

दोन महिने मी कपाटात व्हॅक्यूम क्लीनरच्या शेजारी होतो.

कादंबरीने सगळी हकीकत कॉन्स्टन्सबाईंना कळवली होती. मे महिन्यात त्या लेकीला गाडी चालवायला लावून आल्या. दारातच म्हणाल्या, "मी लिहिलं ते चुकीचं होतं. ते सांगायला आले."  मग ती दोघं हवेबद्दल बोलली. कादंबरीने चहा केला आणि न विचारता मला आणून टेबलावर पसरलं.

बाईंनी वॉरनचं बोट धरून रूबेनच्या ओळीवर ठेवलं. "हा आमचा रूबेन. ही त्याच्या मरणाची तारीख."

वॉरनने ते टाके दोन-तीनदा चाचपले. "एकोणीस?"

"एकोणीस."

"नौदलात मी पोरं शिकवायचो. एकोणीस-वीसचीच असायची." त्याचं बोट वरच्या रिकाम्या ओळीकडे सरकलं. "एझ्राला अकरा मुलं झाली. नावं हवीत तुम्हाला?"

"सगळी हवीत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून पेन काढलं.

चहा पार निवून गेला. नवव्या नावाशी वॉरन अडला. त्याने फोनवर बहिणीला विचारून ते मिळवलं.

आता मी त्याच्या बैठकीत आहे, उन्हापासून दूर. एझ्राची ओळ पुन्हा भरायची का, असं कादंबरीने विचारलं होतं. दोघांनीही तशीच ठेवायला सांगितलं. वॉरन थंडीच्या आत वृद्धाश्रमात जाईल. तिथे भिंत लहान आहे, म्हणून त्याची नात मला दूर एडमंटनला, तिच्या घरी नेणार आहे. तिला मी अजून पाहिलेलं नाही. भिंतीवरचं लिहिलेलं माणसं पहिल्या आठवड्यात वाचतात, मग नुसती धूळ पुसतात. बाळ, धूळ राहिली तरी चालेल. अधूनमधून वाचत जा, मोठ्याने.