कांताक्काचा दंड

रक्तदाब मोजताना दंडाला आवळतात, तो पट्टा मी.

माझी नेमणूक दवाखान्यात नाही. मी निपाणीजवळच्या एका गावात दर साली जातो, त्याच माणसांकडे. कुणाला पुढं लकवा मारतो, कुणाची आठवण जाते, आणि त्याआधी अंगात काय चाललेलं असतं, हे शोधायचं काम आहे. दुखणं आल्यावर सगळेच विचारतात. आम्ही चांगल्या माणसाला विचारतो. याचा मला अभिमान आहे.

मी माणूस दंडावरून ओळखतो. बाळगोंडाआप्पांचा दंड तंबाखूची पोती उचलून दगडासारखा झालेला. अलीकडं सैल पडला.

माझं काम झालं की मला घेऊन फिरणारी राजश्री आठवण तपासायला तीन शब्द सांगते आणि थोड्या वेळानं परत विचारते. ही परीक्षा नाही, असं ती बजावते. गाव ऐकत नाही. ज्याचं आधी होतं, तो कट्ट्यावर जाऊन शब्द सांगून टाकतो. मग घरोघरी पाठांतर. गेल्या साली आप्पांनी शब्द धडाधड सांगितले. त्यांची बायको कांताक्का दारात उभी होती. 

यंदा शब्द बदलले, आणि पहिलं घर आप्पांचंच आलं.

"कणीस, पूल, चष्मा. ध्यानात ठेवा आप्पा."

मला सोडून गुंडाळलं. मग तिनं विचारलं.

"आंबा, घंटा, बैल," आप्पा ताठ बसून म्हणाले.

"ते न्हाय आप्पा, ते गेल्या सालचे. आत्ता सांगितलेले."

"हेच की. सकाळपास्नं हिनं घोकून घेतलंय."

राजश्रीनं कांताक्काकडं पाहिलं. "कवापास्नं असं?"

"गेल्या साली बस्तीच्या देवळाची वाट चुकले. पंच हायत ते गं. लोक काय म्हणतील?"

"तुम्ही पाठ करून घेतलं, आम्ही 'ठीक' लिहिलं. डॉक्टरला दाखवायचं एक साल गेलं, आक्का."

"कुणाला दाखवायचंय?" आप्पांनी विचारलं.

"बैलाला," कांताक्का म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून चहा ठेवायला वळली.

दर साली ती अशीच आत जायची. तिचा दंड मी कधी पाहिला नव्हता. राजश्रीनं या खेपेला मनगट धरून बसवलं. मी आवळलो. पारा आप्पांच्या आकड्याच्या पुष्कळ वर असतानाच ठोके ऐकू येऊ लागले. राजश्रीनं थांबून परत मोजलं. तेच.

"उद्या चिकोडीला दवाखान्यात चला. दोघंबी."

"यांना नेते. मला काय झालंय?"

"हे असंच ठेवलं तर लकवा तुम्हाला आधी मारंल."

कांताक्कानं आप्पांकडं पाहिलं. "मग यांना वाट कोण दावणार?"

"म्हणून तर चला म्हणते."

मला सोडल्यावर तिच्या दंडावर वळ राहिला होता. आप्पा त्यावरून अंगठा फिरवत होते.

आता माझी शिवण उसवली आहे. पुढच्या साली बॅटरीवरचं यंत्र येणार. येऊ दे. त्याला एवढंच सांगणं आहे: घरात शिरल्यावर चहा ठेवायला जी उठेल, तिचा दंड आधी माग.