बंद करायची राहिलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, एवढे मी छातीठोकपणे सांगू शकते. त्यापुढचे मात्र विचारू नका, कारण मी कसली मोटार आहे हे माझे मलाच आजवर नीट उमगलेले नाही. माझ्या पोटात पेट्रोलवर चालणारे इंजिन आहे आणि मागच्या सीटखाली भलीमोठी बॅटरीही आहे. कधी मी एकावर चालते, कधी दुसरीवर. ते माझे मीच ठरवते असे लोक म्हणतात, पण मी काही ठरवल्याचे मला तरी आठवत नाही. अशा मोटारीला हायब्रिड म्हणतात.

कारखान्यात एका कामगाराने माझ्यात इंजिन बसवले तेव्हा मला वाटले, चला, झालो आपण तयार. तेवढ्यात दुसरा कामगार बॅटरी घेऊन आला. हा चुकून दुसऱ्याच गाडीचे सामान आणतो आहे असे मला वाटले. तो चुकला नव्हता, पण तेव्हापासून सुरू झालेला माझा गोंधळ अजून संपलेला नाही. पेट्रोल पंपावरचा माणूस मला म्हणायचा, बऱ्याच दिवसांनी दिसलात. एकदा विजेच्या गाड्यांच्या रांगेत मला उभे केले, तर तिथल्या माणसाने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि हिला वायर लावायला जागाच नाही म्हणून हाकलून दिले. मी ना धड इकडची, ना धड तिकडची.

मला विकत घेतले ते दोघी बहिणींनी. खरे तर थोरलीने. ती दातांची डॉक्टर. पाण्याचा नळ टपटपला तरी तिला करमत नसे, मग पेट्रोल वाया जाणे तिला कुठून सोसणार? धाकटी पक्षी मोजायची. एका संस्थेसाठी ती जिथे रस्तासुद्धा जायला कंटाळतो अशा रानात आणि पठारांवर जायची आणि डोळे मिटून नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखायची. तिला मोटार चालवता येत नव्हती. त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा थोरली दवाखाना बंद ठेवायची, धाकटीला भटकभवानी म्हणायची आणि डिकीत तंबू भरायची.

मी आल्यावर आठवडाभरातच पहिली चूक झाली. मी उभी असताना माझा आवाजच येत नाही. मी बंद झाले असे समजून थोरली उतरली आणि वर निघून गेली. पण माझे बटण दाबायचे राहिले होते. हिरवा दिवा लागलेलाच होता. मी तीनदा पिकपिक केले, पण ते कोणाला कळले नाही. बॅटरी उतरली की माझे इंजिन आपोआप सुरू होते, थोडा वेळ चालते आणि आपोआप थांबते. तसे ते दुपारभर चालले. शेवटी खालच्या मजल्यावरचे काका वर जाऊन म्हणाले, तुमची गाडी झपाटलेली दिसते. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या दिवसापासून प्रत्येक वेळी उतरताना ती मोठ्याने विचारायची, "दिवा गेला?" धाकटी तिला चिडवायची की तू पेशंटलाही दोन-दोनदा चूळ भरायला लावत असशील. मी मात्र एक धडा पक्का केला. उभ्या उभ्या चालू राहणे हा गुन्हा आहे.

रानातले दिवस माझ्या कौतुकाचे होते. बॅटरीवर मी आवाज न करता पुढे सरकायचे आणि पक्षी फांदीवरून हलायचे नाहीत. धाकटी माझ्या दारावर हळूच थोपटायची. पण तिथेच दगडांवर माझे पोट खरवडायचे. एका उंच जीपचा ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला होता, हे खेळणं इथे कुणी आणलं? मी या रानासाठी चांगली की वाईट, मला काही कळेना.

मग तो दिवस आला. आम्ही एका उजाड पठारावर होतो. जवळची वस्ती अर्ध्या दिवसाच्या अंतरावर होती. आभाळ खाली येत होते, म्हणून थोरलीला परतायचे होते. धाकटीला कड्याच्या बाजूचा शेवटचा पट्टा मोजायचा होता. दोघी माझ्यातच कडाकडा भांडल्या. थोरली म्हणाली, माझं निम्मं आयुष्य तुझ्या पाखरांमागे गेलं. धाकटी म्हणाली, मग बस इथेच. ती दार आपटून निघाली. थोरली क्षणभर बसली, मग तीही दार आपटून तिच्या मागे गेली, कारण धाकटीला एकटे सोडणे तिच्याने होईना. दिवा गेला का, हे त्या दिवशी कोणीच विचारले नाही. मी तीनदा पिकपिक केले. दोघींनीही मागे पाहिले नाही.

थोड्या वेळाने धुके आले. मला माझे बोनेटसुद्धा दिसेना. हीटर चालू राहिला होता, त्यामुळे बॅटरी भराभर उतरत होती आणि इंजिन सारखे सुरू होत होते. मला मेली शरम वाटत होती. जिने पेट्रोल वाचवायला मला घेतले, तिचेच पेट्रोल मी रानात जाळत होते आणि मला ते थांबवता येत नव्हते. तास गेले. काटा खाली आला. त्या दोघी कुठे असतील, हे मला माहीत नव्हते. मी घाबरले होते.

मग धुक्यातून धाकटीचा आवाज आला. "थांब ताई. आता बंद झालीय. हलू नकोस." बराच वेळ काही नाही. माझे इंजिन सुरू झाले तसा तोच आवाज पुन्हा आला, "आता चल." असे चार-पाच वेळा झाले आणि मग एक ओला हात माझ्या काचेवर पडला. थोरलीचा पाय मुरगळला होता. झाले ते मला त्यांच्या बोलण्यातून कळले. त्या परतायचे म्हणून भलत्याच दिशेने चालल्या होत्या आणि कड्यापासून दहा पावलांवर असताना त्यांना पाठीमागून माझे इंजिन ऐकू आले. मग मी चालू असेन तेव्हा त्या चालल्या, मी थांबले की जागीच बसल्या.

थोरलीने हिरव्या दिव्याकडे पाहिले. "बंद करायची राहिली गं," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. धाकटीने तिचा बूट काढला आणि सुजलेला पाय मांडीवर घेतला. मी तर पुरती बुचकळ्यात पडले. ज्या चुकीपायी मला झपाटलेली म्हटले होते, त्याच चुकीसाठी आता दोघी मला कुरवाळत होत्या.

पुढे वर्षे गेली. माझा रंग उडाला. प्रवास थांबले, काचांवर धूळ साठली आणि तिच्यावर मुलांनी बोटांनी चित्रे काढली. एकदा थोरली पेशंटचा दुखरा दात सोडून शेजारचाच तपासत राहिली. तिच्या ते लक्षात आले आणि तिने स्वतःहून दवाखाना बंद केला. ती विसरू लागली होती. सकाळी फिरायला जायची आणि घराच्या मागच्याच गल्लीत वाट चुकून उभी राहायची. दोनदा शेजाऱ्यांनी आणून सोडले. धाकटीने बरोबर येते म्हटले तर तिला अपमान वाटायचा. दाराला कुलूप लावायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "मला कोंडू नकोस गं." धाकटीला ते जमले नाही.

आता धाकटी रोज सकाळी माझ्यात येऊन बसते, ब्रेकवर पाय ठेवते आणि बटण दाबते. माझ्यातले तिला तेवढेच येते. मग ती मला चालूच ठेवून उतरते आणि पायरीवर डोळे मिटून बसते, पूर्वी पक्ष्यांसाठी बसायची तशी. माझे इंजिन सुरू होते, थांबते, पुन्हा सुरू होते. खालचे काका एकदा म्हणाले, पेट्रोल वाचवणारी गाडी आणि उभ्या उभ्या जाळता? "काका, ताई फिरायला गेलीय," एवढेच ती म्हणाली. काकांना काय समजले कोण जाणे, पण ते पुन्हा बोलले नाहीत.

परवा माझे इंजिन चारदा सुरू होऊन थांबले तरी थोरली आली नाही. धाकटी उठून उभी राहिली. पाचव्या वेळी कोपऱ्यावर थोरली दिसली. माझ्यापाशी येऊन तिने बोनेटवर हात ठेवला. ते कोमट होते. "बंद करायची राहिली का गं?" तिने विचारले.

"राहिली," धाकटी म्हणाली.

मित्रांनो, मी तुम्हाला काय शिकवणार? गाडीतून उतरताना दिवा गेला का ते जरूर बघा. पेट्रोल वाया घालवू नका, हे मी अजूनही सांगेन. पण एखादी जुनी मोटार रिकामीच चालू दिसली, तर पटकन रागावू नका. तिच्या आवाजावर कोणीतरी घरी येत असेल.