सरांना काय विचारायचं!

दवाखान्यात आतली खोली आणि बाहेरचं बाकडं यांच्यामध्ये नुसता पडदा होता. त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू येई. आत एक रंगारी आणि त्याची बायको होती.

"हात पुढे कर. बोटं पसर. बघ, कशी थरथरतायत! किती पितोस?"

"कधीतरी... थोडीशी."

"म्हणजे रोज आणि भरपूर. सकाळी घेतल्याशिवाय ब्रश धरता येतो का? ताई, तुम्ही सांगा."

ताईंनी घडाघडा सगळं सांगून टाकलं. डॉक्टरने रंगाऱ्याची बिनपाण्याने केली आणि आजच्या आज उपचाराला दाखल हो म्हणून बजावलं.

बाकड्यावर बसलेल्या हेडसरांच्या बायकोच्या जिवात जीव आला. सर सकाळी चहाच्या आधी कपाटामागची बाटली तोंडाला लावत. "कुणाजवळ बोललीस, तर या घरात पाय ठेवायचा नाही," असा त्यांनी दम भरला होता. आपण होऊन सांगायची तिची छाती नव्हती. पण डॉक्टरने विचारलं, तर खोटं बोलायचं नाही, हे तिने पक्कं केलं होतं.

सर आणि ती आत शिरताच डॉक्टर ताडकन उभा राहिला. त्यांचाच विद्यार्थी तो.

"हात बघू, सर. जरा कापतायत. जन्मभर खडू धरलात, आता वय झालं!" त्याने पोट दाबून पाहिलं. "लिव्हर सुजलंय. तेलकट बंद. तंबाखू, दारू... छे, तुम्हाला काय विचारायचं!"

दोघेही हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"विचारा की," ती म्हणाली. "त्या रंगाऱ्याला विचारलंत, तसं यांनाही विचारा."

सरांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. डॉक्टर मात्र समजुतीने हसला.

"बाई, तुम्ही फार काळजी करता. झोप लागते का? हात द्या बघू."

तिचा हात कापत होता. डॉक्टरने तिला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

"घरी चल, मग बघतो," सर जिन्यात हळूच म्हणाले.

खाली पायरीवर रंगाऱ्याची बायको पदराने डोळे पुसत बसली होती. हेडसरांच्या बायकोला तिचा मेलीचा हेवा वाटला. रडतेस कशाला, बाई? तुझं नशीब थोर, तुझा नवरा साधा रंगारी आहे.