जी कशाचा?

चन्नप्पा कोनापुरे विलायतेतून काचेची मोठी परीक्षा पास होऊन आला, तेव्हा सोलापुरात कुणाला त्याचा अर्थच लागेना. जुन्या रंगीत काचेच्या खिडक्या जपायच्या, याला एम. ए.च्या पुढं शिकावं लागतं होय? लोक म्हणत, "म्हणजे बापाचाच धंदा की!" आणि नेमकं तेच ऐकलं की चन्नप्पाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाप गुरप्पा चाळीस वर्षं खिडक्यांना काचा आणि देवांच्या तसबिरींना फ्रेमा बसवत आलेला. त्याच कमाईवर पोरगा शिकला. हे चन्नप्पाला ठाऊक होतं, म्हणूनच जास्त झोंबायचं.

दोन वर्षं घरी बसल्यावर, चौऱ्याहत्तर साली, पहिलं काम आलं. कॅम्पातल्या एका जुन्या चर्चची, मेंढपाळाचं चित्र रंगवलेली खिडकी. मुंबईच्या ट्रस्टचे साहेब जातीनं हजर राहणार होते. काम पसंत पडलं तर पुढच्या तीन चर्चच्या खिडक्या त्याच्याच. नाही तर शिक्षण घाला चुलीत. साध्या काचा कापायला पक्का हात गावात एकाचाच, गुरप्पाचा. मग काय, त्याला न्यावंच लागलं. साहेबांनी "हे कोण?" विचारलं तर चन्नप्पा म्हणाला, "काच कापायला आणलाय." आणलाय! बापाला! गुरप्पानं नुसती टोपी सारखी केली आणि हिरकणी काढून काच कापायला बसला.

मेंढपाळाच्या तोंडावर काजळी साचली होती. चन्नप्पानं कापसाचा बोळा औषधात बुडवला, तेवढ्यात मागून गुरप्पा म्हणाला, "आरं, आदी बोटाला थुकी लावून कोपऱ्यात बघ की. रंग कच्चा असला तर जाईल समदा."

साहेब हसले आणि पलीकडची खिडकी बघायला वळले. चन्नप्पा कानापर्यंत लाल झाला. खरं तर विलायतेतल्या मास्तरांनीही पहिल्याच आठवड्यात हेच शिकवलं होतं, थुंकीनं कोपरा तपासा, मगच हात लावा. पण तिथं ते शास्त्र होतं, आणि इथं धोतरवाल्या बापाच्या तोंडून आलं होतं.

"तुम्ही तुमचं काम करा हो," तो खेकसला. घरात बापाला 'अप्पा, तू' म्हणणारा पोरगा! आणि त्यानं बोळा सरळ चेहऱ्यावर फिरवला.

बोळ्यावर मेंढपाळाचा डावा डोळा निघून आला.

"अरे, हे काय केलं?" साहेब धावत आले. तोवर गुरप्पानं लेकाच्या हातातला बोळा काढून आपल्या मुठीत धरला होता.

"म्या पुसलं सायेब. अडाणी मानूस, चुकलं."

साहेबांनी वही काढली. "असल्या माणसांना हात लावू देता कसे? नाव सांगा याचं."

"गुरप्पा," चन्नप्पा पुटपुटला. वाचलो, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याच क्षणी स्वतःची अशी शिसारी आली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

साहेबांनी 'नुकसान गुरप्पाच्या हातून' असं लिहून वही चन्नप्पापुढं केली. त्यानं खाली सही केली, सी. जी. कोनापुरे.

"सी म्हणजे चन्नप्पा," पेनाला टोपण लावता लावता साहेब म्हणाले. "आणि जी कशाचा हो?"

सहजच विचारलं होतं. गणपत म्हणाला असता तरी खपलं असतं. दाराशी गुरप्पा पाठमोरा बसून भाकरीचं फडकं सोडत होता. त्याचे हात थांबले.

"गुरप्पाचा," चन्नप्पा म्हणाला. "ते माझे वडील. डोळा मी पुसला, साहेब. त्यांनी बजावलं होतं. मला त्यांची लाज वाटली, म्हणून ऐकलं नाही."

साहेबांनी वही पुन्हा उघडली. मग वहीतलं पान फाडलं. "बाकीच्या तीन चर्चचं राहू द्या," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

चन्नप्पा बापाशेजारी येऊन उकिडवा बसला. मान वर होईना.

"अप्पा..."

गुरप्पानं अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी त्याच्या हातावर ठेवली.

"कशाला बोललास? माजं काय जानार हुतं?" तो चिडून म्हणाला. "जलमात एकदा खोटं बोललो, त्येबी वाया घालवलंस की."