लिनक्सचा उंबरा

जयसिंगपुरात सॉफ्टवेअर आपल्या पायांनी घरी येतं. दारातच विचारतं, ‘‘तुमच्याकडं काय चालतं?’’ विंडोज म्हटलं, की चपला काढून आत शिरतं.

‘‘लिनक्स,’’ पद्मजा मगदूमनं सांगितलं.

दारातला माणूस, म्हणजे फोटोचं विकतचं सॉफ्टवेअर, थबकला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, बोलायला मऊ. ‘‘मग मला आत येता यायचं नाही, वहिनी. या उंबऱ्यात मी मावत नाही.’’

पद्मजा लग्नाचे अल्बम बनवायची. जुना कॉम्प्युटर सारखा व्हायरसनं आजारी पडायचा, म्हणून नवऱ्यानं, भूपालनं, त्यावरचं विंडोज काढून लिनक्स घातलं. त्याच्याबरोबर मावशी आल्या. मावशी म्हणजे फोटोचं फुकटचं सॉफ्टवेअर. बाई गुणाची. रंग सुधारायच्या, डाग पुसायच्या, कधी चहासुद्धा मागितला नाही. पण अल्बम करून घ्यायला आलेल्या जयपाल चौगुलेनं आपल्या बहिणीचं लग्न ज्या पत्र्याच्या पेटीत भरून आणलं होतं, ती मावशींच्या हाताला दाद देईना. ती फक्त या दारातल्या माणसाच्या हातानं उघडत होती.

पेटीच्या आतून कुणीतरी धडका देत होतं.

‘‘आक्का गुदमरंल,’’ जयपाल म्हणाला. ‘‘काय करायचं ते करा.’’

भूपालनं माणसाचा उजवा हात धरला, पद्मजानं भूपालची कंबर. दोघांनी ओढलं.

‘‘असं करू नका,’’ माणूस म्हणाला. ‘‘मी तुटेन.’’

उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. हात आत आला. माणूस बाहेर राहिला. चौकटीवर, भूपालच्या बनियनवर, देव्हाऱ्यातल्या समईवर रक्त उडालं. माणूस पायरीवर बसला आणि कपाळ दारावर आपटू लागला. पद्मजानंच कडी घातली. त्याबरोबर दार आखडलं. मग खिडकी आखडली. आता तिच्यातून मांजरही गेलं नसतं.

तुटलेला हात फरशीवर बोटं हलवत होता.

‘‘नुसता हात काय कामाचा?’’ भूपाल म्हणाला.

‘‘माझ्यावर बसवा,’’ मावशी म्हणाल्या. त्या अल्बम कापायच्या यंत्रापाशी गेल्या, स्वतःचा उजवा हात पात्याखाली ठेवला आणि डाव्या हातानं दांडा खाली ओढला. ओरडल्या नाहीत. पद्मजानं गोधडीच्या सुईनं नवा हात शिवला.

मावशींनी नव्या बोटांनी पेटीला स्पर्श केला. झाकण वर आलं. हळदीचा, घामाचा, करपलेल्या जिलबीचा वास खोलीभर झाला. मग एक हात बाहेर आला, मागोमाग दुसरा, मग पुष्कळ. मेंदीचे, बांगड्यांचे, अक्षता घट्ट धरलेले. जो सापडेल त्याला ओढत होते. एकानं भूपालचे केस धरून त्याचं डोकं पेटीच्या काठावर आदळलं. दुसऱ्यांनी त्याला कमरेपर्यंत आत घेतलं.

‘‘मिटा, मावशी!’’ पद्मजा किंचाळली.

‘‘हा हात उघडणारा आहे,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘मिटणारा डावा बाहेर राहिला.’’

भूपालचे पाय दिसेनासे झाले. पद्मजानं झाकण ओढलं आणि सगळ्या भारानिशी त्यावर बसली. फटीत बोटं अडकली होती. ती कडाकडा मोडू लागली.

‘‘दाबू नका,’’ जयपाल गुडघ्यांवर येत म्हणाला. ‘‘ती आक्काची अंगठी आहे.’’

पद्मजानं पाय झाकणावर घेतले आणि मांडी घातली.