मागच्या सीटवरून आई

मुलांसाठी गाडीत स्क्रीन लावून मागणाऱ्या आईबापांवर माझा मुळातच राग. ठाण्यात बाळकुमला माझं गाडीच्या वायरिंगचं दुकान आहे. मी स्क्रीन लावूनही देते, पण तोंड गप्प बसत नाही. त्यामुळे संचिता आपली अकरा वर्षं जुनी गाडी घेऊन आली आणि मागच्या सीटसाठी स्क्रीन हवाय म्हणाली, तशी मी लगेच सुरू झाले.

“कार्टून दाखवायचंय ना? अगं, बघू दे की मुलीला जरा खिडकीबाहेर!”

“कार्टून नाही, हेमांगीताई. तिला मी दिसायला हवी.”

मागे तिची आठ वर्षांची देवयानी बसली होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ वाचून ती बोलते. संचिता तिला रोज कल्याणहून ठाण्याच्या शाळेत आणते. मागून पोरीला आईची नुसती मान दिसते. मग ती हाक मारते, आई वळते. गेल्या महिन्यात शीळफाट्याला अशीच वळली आणि पुढच्या टेम्पोवर आदळली. नशिबाने बंपरवर निभावलं.

“तेव्हापासून मी वळतच नाही. तर ही घरी सांगते, आई गाडीत रोज माझ्यावर रागावलेली असते. ते नाही हो सहन होत.”

मघाच्या तोंडाळपणाची मला लाज वाटली.

“आजच देते लावून,” मी म्हणाले. वायरिंगमध्ये माझा हात धरणारा अजून ठाण्यात कुणी मला भेटलेला नाही. गाडी मागे घेताना बघायला लावतात तो रिव्हर्सचा कॅमेरा मी मीटरच्या वर, संचिताच्या तोंडाकडे वळवून बसवला. कार्पेटखालून वायर ओढली, पुढच्या डाव्या सीटच्या पाठीवर स्क्रीन लावला आणि बटण दाबलं.

देवयानी खो खो हसत सुटली. आईच्या तोंडावर पार्किंगच्या लाल-पिवळ्या रेघा! शिवाय हनुवटीवरचा तीळ भलत्याच बाजूला.

“ही माझी आई नाही,” ती तिच्या जाड आवाजात म्हणाली.

घाईत विसरलेच होते मी. हे कॅमेरे आरशासारखं उलटं दाखवतात. त्यांच्या वायरीला दोन छोटी वेटोळी असतात. एक कापलं की रेघा जातात, दुसरं कापलं की चित्र सुलट होतं. दोन्ही कापली. तीळ जागेवर आला.

मग ट्रायलला निघालो, मी देवयानीशेजारी. माजिवड्याच्या सिग्नलला संचिताची मान वळायला लागली.

“पुढे बघ!” मी खेकसले.

ती पुढे बघूनच म्हणाली, “देवू, भूक लागलीय?”

“नाही!” मागून पटकन उत्तर. मला इतका आनंद झाला की मीच माझी पाठ थोपटून घेतली.

सिग्नल सुटला. रेडिओ चालू होता. देवयानी स्क्रीनवरून नजर हलवत नव्हती.

“आई, कोणाशी बोलतेयस?”

“कोणाशीच नाही गं. गाणं म्हणतेय.”

“गाडीत?”

“हो. रोजच म्हणते.”

पोरीने माझ्याकडे बघितलं. खरंच गातेय, अशी मी मान डोलावली. ती परत स्क्रीनकडे वळली.

“माझं राहिलं ना सगळं. पहिल्यापासून म्हण.”

संचिताने हात लांब करून रेडिओ बंद केला, आणि समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून गाणं पहिल्यापासून म्हणायला लागली.